जनावर उभं कुठं होतं?

गोठ्याची पत्रपेटी: वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त पशुवैद्याची उत्तरं

या खेपेला आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांचा शेवट एकाच वाक्यानं झालाय: "कृपया औषधाचं नाव कळवावे." नाव कळवणार नाही. जनावर न बघता औषध सांगणं नोकरीत असताना मी केलं नाही, आता निवृत्तीनंतर कशाला सुरू करू? उलट मीच तुम्हाला विचारतो, जनावर उभं कुठं होतं? पाणी कुठलं प्यालं, चरलं कुठं, मेलं असेल तर टाकलं कुठं? आपण रोग जनावराच्या अंगात शोधत बसतो. मला तो बऱ्याच वेळा चिखलात, पाणवठ्यावर, नाहीतर उकिरड्यावर फेकलेल्या जारात, म्हणजे व्याल्यावर किंवा गाभडल्यावर पडणाऱ्या वारेत सापडला. तेव्हा पुढच्या वेळी लिहिताना औषध विचारण्याआधी जागेचं वर्णन करा. चार ओळी जास्त झाल्या तरी चालतील, मी वाचतो.

प्रश्न: आमच्या अकरा शेळ्या. महिन्याभरात त्यातल्या तीन गाभडल्या, दिवस जवळजवळ भरत आले असताना. पडलेली करडं आणि जार मीच हातानं उचलून मागच्या बाजूला टाकला. आता पंधरा दिवस झाले, मला रोज संध्याकाळी ताप चढतो आणि पहाटे घाम येऊन उतरतो. कंबर धरलीय. मलेरिया, टायफॉइड काही निघालं नाही. घरचे म्हणतात दमणूक आहे. शेळ्यांचं आणि माझं दुखणं एकच असेल का?
(शेळ्या पाळणारी एक वाचक)

उत्तर: ताई, असू शकतं. म्हणून आधी तुमचं बघू, शेळ्या दोन दिवस थांबतील.

उद्याच डॉक्टरांकडे जा आणि बसल्या बसल्या हे वाक्य बोला: "माझ्या शेळ्या गाभडल्या आणि मी जार हातानं उचलला." ताप किती, भूक लागते का, हे सगळं त्याच्यानंतर. हे वाक्य ऐकल्यावर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभडलेल्या जनावराकडून माणसाला लागणाऱ्या तापाची, रक्ततपासणी डॉक्टरांच्या डोक्यात येईल. नाही आली तर तुम्ही नाव घ्या. तुम्हाला दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा, कारण या रोगावरची नेहमीची औषधं गरोदरपणात चालत नाहीत, वेगळी द्यावी लागतात.

एवढ्या खात्रीनं बोलतोय कारण हा ताप मी स्वतः काढलाय. नोकरीचं दुसरं वर्ष. रात्री एक म्हैस गाभडली आणि जार अडकला म्हणून बोलावणं आलं. हातमोजे पेटीत होते, पण मोज्यात बोटांना काही कळत नाही अशी तेव्हा माझी ऐट. खांद्यापर्यंत हात घातला, अर्धा तास खटपट करून जार सोडवला, हात धुतले, चहा घेऊन घरी आलो. मनगटाजवळ दाव्यानं सोललेलं होतं, त्याकडे लक्षही गेलं नाही. अठरा-वीस दिवसांनी संध्याकाळची थंडी वाजायला लागली. रात्री बनियन पिळून काढावा एवढा घाम, आणि सकाळी मी पुन्हा कामावर, जणू काही झालंच नाही. मग मांडी घालून बसलं की उठता येईना. दोन महिने कशाकशावरची औषधं घेतली. जिथं जात होतो तिथं मला कुणी धंदा विचारला नाही, आणि मी पशुवैद्य असून सांगितला नाही. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. शेवटी रक्त काढणाऱ्या माणसानं माझ्या बुटांवरचं शेण बघून विचारलं, "गुराढोरांत असता का?" तिथून गाडी रुळावर आली.

उपचार साधारण सहा आठवड्यांचा असतो, एकापेक्षा जास्त औषधं एकदम घ्यावी लागतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला एकदम बरं वाटेल. मलाही वाटलं होतं, गोळ्या सोडल्या, आणि दीड महिन्यात ताप परत दारात. पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे. तुम्ही हे करू नका.

आता शेळ्या. हा ताप एकेकाळी माल्टा ताप म्हणून ओळखला जायचा. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक त्यानं अंथरूण धरत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, म्हणूनच त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. १९०६ साली सैनिकांच्या आहारातून शेळीचं दूध काढून टाकलं आणि तापाचे रुग्ण भराभर कमी झाले. हा इतिहास तुमच्यासाठी एवढ्याचकरता सांगितला की ज्या आठ शेळ्या गाभडल्या नाहीत त्या निरोगी आहेत असं धरून चालू नका. अकराच्या अकरांचं रक्त तपासून घ्या, बोकड असेल तर त्याचंही. गाभडण्याला दुसरीही कारणं असतात, क्यू फीवर, टोक्सोप्लाझ्मा वगैरे, त्यामुळे तपासणीशिवाय नाव ठरवू नये. निकाल येईपर्यंत एकही शेळी विकायची नाही. गाभडणारी शेळी गुपचूप बाजारात नेण्याची पद्धत मला चांगली माहीत आहे, आणि पुढच्या घरातली बाई तुमच्यासारखीच जार हातानं उचलते.

"मागच्या बाजूला टाकला" असं लिहिलंय, तिथं माझं मन अडकलंय. ती जागा सावलीची आणि ओली असेल तर जंतू तिथं कित्येक आठवडे, थंडीत महिनेही तग धरतात. कडक उन्हात ते लवकर मरतात. तिथला कचरा हातमोजे घालून आणि नाकातोंडाला कापड बांधून खोल खड्ड्यात पुरा, चुना टाका, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. जागा सावलीतून मोकळी करा, ऊन पडू द्या. झाडू मारून धूळ उडवू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी मारा. दूध उकळल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावायचं नाही. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला शेळ्यांच्या बाळंतपणापासून लांब ठेवा.

प्रश्न: बैल सकाळी धडधाकट होता, दुपारी थरथरला आणि तिन्हीसांजेच्या आत गेला. नाकातून आणि मागून काळपट रक्त. काही जण म्हणाले, पोट फाडून बघू म्हणजे कारण कळेल. आम्ही फाडला नाही, ओढत नेऊन ओढ्याकाठच्या घळीत टाकला. हे बरोबर केलं का?

उत्तर: फाडला नाहीत हे फार बरोबर केलंत. ओढत नेलंत आणि ओढ्याकाठी टाकलात, हे चुकलं.

वर्णन फाशीचं वाटतंय. अँथ्रॅक्स. मेलेलं जनावर नीट ताठरत नाही, पोट भराभर फुगतं, रक्त डांबरासारखं काळसर असतं आणि गोठत नाही. अंगातला जंतू तसा नाजूक असतो. जनावर बंद राहिलं तर सडण्यातच बराचसा मरतो. पण फाडलं, रक्त सांडलं, हवा लागली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतो, आणि मग ऊन, पाऊस, दुष्काळ सगळं पचवत मातीत दशकानुदशकं पडून राहतो. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली या जंतूचं हे जीवनचक्र दाखवून दिलं. किती वर्षं, याचा अंदाज हवा असेल तर सैबेरियातलं यामाल आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथं एरवी गोठलेली जमीन वितळली आणि दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, बारा वर्षांचा एक मुलगाही गेला. त्या भागात फाशीची त्याआधीची साथ १९४१ सालची होती.

तर आता तुमची घळ. पाऊस आला की ते पाणी खाली जाणार आणि ओसरल्यावर गाळ गवतावर बसणार. आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्यांना नेमकं सांगा की बैल कुठं मेला, कुठल्या वाटेनं ओढला, कुठं टाकला. निदानासाठी जनावर फाडायला लागत नाही, रक्ताच्या एका थेंबाचा काचेवर लेप पुरतो, तोही त्यांनीच घ्यायचा. सांगाडा जाळायचा की खोल पुरायचा हे ते जागा बघून ठरवतील, पण पाण्यापासून दूर हे नक्की. ओढल्याच्या वाटेवर काटेरी कुंपण घाला आणि त्या पट्ट्यातलं गवत कुणी कापू नये. उरलेल्या गुरांना लस द्यायला सांगा. एखाद्या जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर लस देणाऱ्याला ते आधी सांगा, नाहीतर लस वाया जाते.

आणि ज्यांनी ज्यांनी बैलाला हात लावला त्यांनी पुढचे काही दिवस हात, मान, चेहरा बघत राहायचं. आधी डास चावल्यासारखा फोड, मग त्याच्या मधोमध काळी खपली, भोवती सूज. काळपुळी म्हणतात ती हीच. ती दुखत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. माझ्या ओळखीच्या एका कातडी सोलणाऱ्या काकांच्या मनगटावर अशी रुपयाएवढी खपली होती, आणि ते मला समजावत होते की ठणकत नाही म्हणजे काळजीचं काही नाही. वेळेवर उपचार मिळाला, पूर्ण बरे झाले. दुखत नाही म्हणून घरी बसू नका, एवढंच.

प्रश्न: लहानपणी मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं दोन-तीन तासांत हाडं उघडी करायची. आता कुत्र्यांच्या झुंडी येतात. गिधाडं गेली कुठं? आमच्या गुरांशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि आम्हा पशुवैद्यांशी तर जास्त आहे.

गुराला लंगडेपणा, सूज, ताप आला की आम्ही डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायचो. स्वस्त होतं, तासाभरात जनावर उठून चालायचं, मालक खूश. मीही किती टोचलंय याचा हिशोब नाही. ते जनावर दोन-चार दिवसांत मेलं तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असायचं. गिधाडानं ते खाल्लं की त्याचे गुर्दे बंद पडायचे. मेलेल्या गिधाडाच्या काळजावर, यकृतावर पांढऱ्या खडूची पूड फासावी तसा थर सापडायचा, युरिक आम्लाचा. हे कोडं सुटलं २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. तोवर उशीर झाला होता. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी भारतातली नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत नाहीशी झाली. २००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून भारतात २०१५ साली माणसांसाठीच्या बाटलीचं मापही तीन मिलिलिटरवर आणलं गेलं.

गिधाडाच्या पोटातलं आम्ल फार जहाल असतं, सडक्या मांसातले बरेचसे जंतू तिथंच संपतात. कुत्र्याचं तसं नाही. ते खातं, अर्धवट सोडतं, तुकडा तोंडात धरून वस्तीत आणतं, त्याची पिल्लावळ वाढते आणि चावे वाढतात. तुमच्या हातात काय, तर वेदनाशामक देताना डॉक्टरांना विचारा, "गिधाडांना चालतं का?" मेलोक्सिकॅम चालतं. आणि जनावर उपचार चालू असताना मेलं तर उघड्यावर टाकू नका, पुरा.

प्रश्न: आमची गाय दोन दिवस लाळ गाळत होती, खात नव्हती. घशात काही अडकलंय असं वाटून भावानं तोंडात हात घालून पाहिलं. गाय चौथ्या दिवशी मेली. तीनेक आठवड्यांपूर्वी तिला कुत्रं चावलं होतं, हे आता मुलानं सांगितलं. घरात सगळ्यांनी तिचं दूध प्यालंय.

उत्तर: पत्र बाजूला ठेवा आणि भावाला घेऊन निघा. रेबीजची लस आजच सुरू करायची. हातावर ओरखडा, जखम असेल, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात उडाली असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. दिवस उलटून गेलेत म्हणून काही उपयोग नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका; लक्षणं सुरू होण्याआधी कधीही उपयोग आहे, नंतर मात्र नाही.

रेबीजमध्ये गाईला गिळता येत नाही, म्हणून घास अडकल्यासारखं दिसतं. आवाज बदलतो, घोगरा आणि लांबलचक हंबरडा येतो. हात घालणारे तुमचे भाऊ पहिले नाहीत. मी स्वतः दोनदा लस घेतलीय आणि दोन्ही वेळा कारण हेच. दूध उकळून प्यालं असेल तर घाबरू नका, उकळल्यावर विषाणू टिकत नाही. कच्चं प्यालं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. वासरू पाजलं असेल तर तेही पशुवैद्याला दाखवा. आणि यापुढे जनावराला कुत्रं चावलं की त्याच मिनिटाला जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हातमोजे घालून. घड्याळ लावून पंधरा. माणसालाही तेच.

मुलाला ओरडू नका. त्यानं उशिरा का होईना सांगितलं.

प्रश्न: ओढ्याच्या काठचं गवत बारमाही हिरवं असतं, म्हणून उन्हाळ्यात तिथंच चारतो. तरी गुरं खंगत चालली आहेत. संध्याकाळी जबड्याखाली मऊ थैली लोंबते, सकाळी कमी होते. दोनदा जंताचं औषध दिलं, गुण नाही.

उत्तर: थैली चरून आल्यावर मोठी आणि रात्रभर बसल्यावर लहान, हे तुम्ही टिपलंत, शाबास. अंगातलं रक्त पातळ झालं की मान खाली घालून चरताना पाणी जबड्याखाली उतरतं. आता खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. गुलाबी हवी, पांढरट दिसली तर कारण बहुधा यकृतात आहे.

पानाच्या आकाराचा एक चपटा कृमी यकृतात राहतो. त्याची अंडी शेणातून ओल्या जागेत पडतात, पिल्लू चिखलातल्या छोट्या शंखाच्या गोगलगाईत शिरतं, तिथं एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून पाण्याच्या कडेच्या गवताला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होऊन चिकटतात. तुमचं जनावर नेमकं तेच गवत खातंय. गोल जंतांवरची बरीच औषधं या चपट्याला लागूच पडत नाहीत, म्हणून तुमची दोन्ही औषधं वाया गेली. शेण तपासा, मग औषध. शेळ्या-मेंढ्यांत अशीच थैली पोटातल्या रक्तपित्या जंतांनीही येते, तेव्हा तपासणी टाळू नका.

मात्र औषध देऊन त्याच काठावर पुन्हा सोडलंत तर पुढच्या हंगामात हेच पत्र मला पुन्हा येईल. काठापासून आठ-दहा पावलं सोडून साधं कुंपण घाला. पाणी हौदात नाहीतर अर्ध्या कापलेल्या पिंपात भरून वर द्या. हौद गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. गळक्या हौदाभोवतीच गोगलगाईंची नवी वसाहत झालेली मी पाहिलीय. काठचं गवत लागणारच असेल तर कापून उन्हात कडकडीत वाळवून घाला. ओढा तुमच्या एकट्याचा नसणार. वरच्या अंगाला दुसऱ्यांची गुरं पाण्यात उतरत असतील तर त्यांनाही हे पत्र वाचून दाखवा. तुमच्या एकट्याच्या कुंपणानं निम्मंच काम होईल. त्याच पाण्यात गुरं मुततात आणि घरचं कुणी पायाला चिरा घेऊन उतरतं, तर लेप्टोची, म्हणजे मुतातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची भीतीही आहे. गुडघ्यापर्यंतचे बूट घालायला सांगा.

प्रश्न: मेंढी कापल्यावर यकृतावर पाण्यानं भरलेल्या गाठी दिसल्या. आम्ही ते खात नाही, कुत्र्याला घालतो. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. त्या गाठीत कुत्र्याच्या आतड्यात वाढणाऱ्या बारक्या पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्यानं खाल्लं की ते वाढतात, अंडी त्याच्या विष्ठेतून आणि अंगावरच्या केसांतून पोरांच्या हाताला, हातातून तोंडात. मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात नाहीतर फुप्फुसात, वर्षानुवर्षं मुकाट वाढणारी. आइसलँड हा एकेकाळी या रोगानं फार गांजलेला देश होता. तिथं १८६४ साली नेमकी हीच गोष्ट साध्या भाषेत सांगणारी पुस्तिका घराघरांत वाटली, लोकांनी ती वाचली आणि कुत्र्यांना गाठी घालणं सोडलं. आज तिथून हा रोग हद्दपार झालाय.

गाठी असलेलं यकृत किंवा फुप्फुस जाळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. कुत्र्याला पट्टकृमीवरचं औषध पशुवैद्याकडून घ्या. औषधानं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून औषध दिल्यावर दोन दिवस त्याला बांधून ठेवा आणि त्या दोन दिवसांची विष्ठा खड्ड्यात पुरून टाका.